गुलाबावरचे काळे ठिपके

गोजरबाईचं माहेर कर्जतकडचं. तिकडं उन्हाळ्यात प्यायचं पाणीच बैलगाडीनं आणावं लागे, तिथं फुलझाडाचं नाव कोण काढणार? त्यामुळं लग्न होऊन संगमनेरात आल्यावर, परसातल्या आडाला बारमाही पाणी आहे हे बघून तिनं आधी गुलाबाची एक काडी खोचली. एकाहत्तर सालापर्यंत त्या काडीची अकरा झाडं झाली होती. नवरा पुंजाराम साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. दोन्ही पोरी सासरी नांदत होत्या. तेव्हा दिवस कलला की गोजरबाई झारी भरायची आणि एकेका झाडाला डोक्यावरून न्हाऊ घालायची. पानन् पान ओलं झाल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

त्या वर्षी श्रावणात पानांवर काळे ठिपके दिसायला लागले. आधी खालच्या पानांवर, मग मधल्या. ठिपक्याभोवतीचं पान पिवळं पडायचं आणि दोन दिवसांत गळायचं. भादव्यापर्यंत झाडांच्या बुडाशी नुसत्या काट्यांच्या काड्या राहिल्या.

गोजरबाईला कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. शेजारच्या लंकाबाईनं जेठात कुंपणाला लागून फुटाण्याची भट्टी घातली होती. नवरा मच्छिंद्र ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. बसून काय करायचं म्हणून तिनं हे काम धरलं होतं. भट्टी पेटली की धूर इकडंच यायचा. आळीतल्या बायाही गोजरबाईच्या परसातल्या आडावरच पाणी भरायच्या. एक दिवस तिथं तिनं विषय काढला. तुझी काजळी माझ्या झाडांवर बसतीय, भट्टी हलव, न्हाईतर मला नगरपालिकेत अर्ज द्यावा लागंल, असं तिनं चार बायांसमोर सांगितलं. लंकाबाई वयानं लहान. तिनं घागर उचलली आणि गेली. आठवड्याभरात तिनं ती भट्टी फोडली आणि रस्त्याच्या अंगाला नवी घातली.

गोजरबाईला बरं वाटलं. पण ठिपके काही थांबले नाहीत.

दर गुरुवारी गनीभाई तांबोळी दर्ग्यासाठी फुलं न्यायला यायचे. नदीपलीकडं त्यांचा पानमळा होता. त्या गुरुवारी त्यांच्या पुड्यात कशीबशी चार फुलं पडली. त्यांनी एक पान तोडलं, अंगठा ओला करून ठिपक्यावर घासला आणि अंगठा गोजरबाईपुढं धरला. अंगठा स्वच्छ होता.

"काजळी असती तर पुसली गेली असती," ते म्हणाले. "हे वरनं पडलेलं न्हाई, वहिनी. हे पानाच्या आत हाय."

गोजरबाईला ते पटेना. तेव्हा त्यांनी पुंजारामकडचं बॉलपेन मागून घेतलं, तीन पानांवर तीन ठिपक्यांभोवती बरोबर काठाला लागून गोल काढले आणि सोमवारपर्यंत नुसतं बघा म्हणाले. ठिपका गोलाच्या आत राहिला तर ते काहीतरी पडलेलं किंवा भाजलेलं. गोल ओलांडून गेला तर तो रोग, जित्ता.

गोजरबाई रोज सकाळी ती पानं बघायची. शनिवारी पहिला ठिपका रेषेला भिडला. रविवारी तो रेषेबाहेर गेला होता, कडा पिसासारख्या फाटलेल्या. भट्टी तर आता पार पलीकडच्या अंगाला होती. ती तिथंच उकिडवी बसली. पुंजाराम चहाचा कप घेऊन मागं उभा होता. त्यानं एवढंच विचारलं, "मग लंकाला काय सांगणार?"

सोमवारी गनीभाई आले. पाणी कधी घालता, कसं घालता, हे त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं तसे ते हलक्या आवाजात म्हणाले, की रात्रभर पान ओलं राहिलं की बुरशीला आयतं अंथरूण मिळतं. आमच्या मळ्यातही करपा असाच पसरतो. पाणी सकाळी द्या आणि बुडाशी द्या.

उपायही त्यांनीच सांगितला. ठिपक्याची सगळी पानं, खाली पडलेलीसुद्धा, वेचून जाळायची. दाटी झालेल्या फांद्या छाटायच्या. मग एका मडक्यात मोरचूद, दुसऱ्यात चुना भिजवायचा आणि दोन्ही एकत्र ओतून फडक्यातून गाळायचं. त्यांनी त्या निळ्या पाण्यात विळ्याचं पातं बुडवून दाखवलं. पात्यावर तांबूस झाक आली. चुना कमी पडला, अशानं पानं भाजतील, म्हणाले. अजून थोडा घातल्यावर पातं जसंच्या तसं निघालं. फवारायला पंप नव्हता. गोजरबाईनं कडुनिंबाच्या डहाळ्यांची जुडी करून पानांच्या वरून-खालून शिंपडलं. उन्हं चढायच्या आत झाडं निळसर दिसायला लागली.

दुपारी ती लंकाबाईकडं गेली. लंकाबाई रस्त्याकडच्या भट्टीपुढं बसली होती. तिथं वारा थेट आत घुसत होता, जाळ कढईखाली ठरत नव्हता, निम्मे फुटाणे कच्चे राहत होते. भोवती पोत्याचा आडोसा होता तोही फाटलेला.

"लंके, तुझी काजळी नव्हती ती," गोजरबाई उभ्या उभ्याच म्हणाली. "मीच रोज संध्याकाळी पानं भिजवत हुते. माझ्या हातानं झालं ते, अन् चार बायांत नाव तुझं घेतलं."

लंकाबाईनं झाऱ्यानं कढईतली वाळू ढवळली. मग म्हणाली, "आक्का, त्या दिवशी घरी येऊन सांगितलं असतं तर मी तवाच हलवली असती. आडावर सांगितलंत, ते लागलं."

गोजरबाई तिथंच खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आडावर त्याच बाया होत्या. गोजरबाईनं घागर खाली ठेवली आणि ठिपके कशाचे होते, चूक कुणाची होती, ते त्यांना सांगितलं. एकजण हसली. तिनं हसू दिलं. मग ती लंकाबाईकडं वळून म्हणाली, की भट्टी पुन्हा कुंपणापाशी घाल, धुराचं माझं मी बघीन.

लंकाबाई लगेच हो म्हणाली नाही. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तिनं कुंपणापाशी भट्टीसाठी पांढरी माती आणि भुसा आणून टाकला. गोजरबाई लुगड्याचा ओचा खोचून आली आणि विचारल्याशिवाय माती तुडवायला लागली. जरा वेळानं लंकाबाईनं वरून पाणी ओतलं आणि तीही चिखलात उतरली.