नऊ वर्षं लाल जर्सीत

एकेकाळी डॅरेल व्होंद्राचं चित्र धान्याच्या कोठारावर रंगवलेलं होतं. नेब्रास्कातल्या त्याच्या गावात उंच गोष्टी तीनच: चर्चचा मनोरा, पाण्याची टाकी आणि कोठार. पाद्री तयार होईना आणि टाकी गळत होती, म्हणून कोठार. कॉलेजात तो चार वर्षं अमेरिकन फुटबॉलच्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी होता. शनिवारी सामना असला की गावात कुणी मरतसुद्धा नसे, असं त्याची आई सांगते. रविवारी मात्र दोन-तीन जायचे.

आमच्या डुलूथच्या व्यावसायिक संघानं त्याला निवडलं ते निवडीच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासात, बाकीचे सगळे लोक घरी निघालेले असताना. ऑगस्टात तो दोन बॅगा आणि एक खोकं घेऊन माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. मी आर्नी लाहटी, संघाचा सामानवाला. हेल्मेटं, चेंडू, जर्सी, बुटांचे खिळे, सगळं माझ्या ताब्यात. खोक्यात आईनं केलेले कोलाचे नावाचे गोड पाव होते, खसखशीचे आणि आलुबुखाऱ्याचे.

"कोचसाठी आणलेत," तो म्हणाला.

"कोच ब्रॅनिगन गोड खात नाहीत," मी म्हणालो. ब्रॅनिगन दिवसाला सहा डोनट खातात. पण खसखशीचा वास फारच चांगला येत होता.

पहिल्याच आठवड्यात प्रशिक्षकांनी त्याचा हात दुरुस्त केला. डॅरेल चेंडू फेकायचा तो कमरेतून वाकून, कोपर बाहेर काढून, एका पायावर उडी मारत. चेंडू हवेत आजारी कोंबडीसारखा जायचा, पण जायचा तिथेच जायचा. तो कुठून शिकला हे मी विचारलं, तर म्हणाला, "कोठीच्या मागून. मी कोठीवरून मक्याची कणसं फेकायचो, पलीकडे डुकरं असायची."

"मग?"

"डुकरांनी चार वर्षांत एकही सोडलं नाही."

डुकरांचं मत कुणी विचारलं नाही. आठवड्याभरात डॅरेल सगळ्यांसारखा फेकू लागला आणि सगळ्यांसारखे फेकणारे आमच्याकडे आधीच दोन होते. तो तिसरा झाला.

तिसऱ्या क्वार्टरबॅकचं काम लोकांना ठाऊक नसतं. रविवारी तो पाटी-कागद धरून उभा असतो. त्याचं खरं काम बुधवारी आणि गुरुवारी. येत्या रविवारी ज्यांच्याशी सामना, त्यांच्या क्वार्टरबॅकची तो नक्कल करतो, म्हणजे आमच्या बचाव फळीला सराव व्हावा. अंगात लाल जर्सी. लाल जर्सीवाल्याला कुणी हात लावायचा नाही, हा सरावाचा नियम. दीड-दीडशे किलोचे गडी धावत यायचे आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थबकायचे, जणू तो ओला रंग लावलेला बाक आहे.

या कामात डॅरेलला देवानं देणगी दिली होती. कुणी लंगडत असेल तर तो लंगडायचा. कुणी मान वाकडी करून ओरडत असेल तर त्याची मान वाकडी. तो नुसती फेकण्याची चित्रफीत बघून थांबत नसे, त्यांच्या मुलाखती बघायचा, ते काय खातात ते वाचायचा. "आतून यायला लागतं," म्हणायचा.

सकाळी आम्ही दोघं लोर्नाच्या टपरीवजा हॉटेलात न्याहारी करायचो. त्याचा फ्लॅट तळ्याकाठी होता. खिडकीतून सुपीरियर तळं दिसायचं, आणि आत बघण्यासारखं काही नव्हतं. लग्न नाही. एकदा एक पोरगी चार महिने होती. जाताना मला म्हणाली, "आर्नी, माझं त्याच्याशी काही भांडण नाही. पण नोव्हेंबरात मी डेन्व्हरबरोबर जेवले, मग सिअॅटलबरोबर, मग ह्यूस्टनबरोबर. डॅरेल घरी आला की मला कळव."

लोर्ना तर त्याला बघूनच पुढचा सामना ओळखायची.

"काय राजा, या आठवड्यात मिलवॉकी वाटतं?"

"कसं ओळखलंस?"

"कप उचलायच्या आधी दोनदा टाच आपटलीस आणि बोटं चाटलीस. साखर किती?"

"टेसिए तीन चमचे घेतो."

ब्रॉक टेसिए हा मिलवॉकीचा क्वार्टरबॅक. लोर्ना तीन चमचे घालायची. पुढच्या आठवड्यात एक, त्याच्या पुढच्या आठवड्यात मध. नऊ वर्षांत तिनं त्याला किमान चौदा जणांची कॉफी पाजली.

आता माझ्या फळीविषयी. आमच्याकडे प्रथा आहे. खेळाडूनं खऱ्या सामन्यात पहिला पास पूर्ण केला, म्हणजे त्यानं फेकला आणि आपल्या माणसानं झेलला, की तो चेंडू माझ्याकडे येतो. मी त्यावर पांढऱ्या रंगानं नाव, तारीख आणि किती यार्ड ते लिहितो, आणि खोलीतल्या फळीवर ठेवतो. डॅरेल आला त्याच वर्षी मी सवयीनं त्याची चिठ्ठी चिकटवून जागा मोकळी सोडली. नऊ वर्षं ती तशीच. मग मी तिथे गोंदाची बाटली ठेवायला लागलो.

तो आत आला की आधी गोंदाची बाटली बघायचा.

नवव्या वर्षी नोव्हेंबरात मोजे घेता घेता एवढंच म्हणाला, "आर्नी, पुढच्या वर्षी मला ठेवणार नाहीत. कोचनी आज मला हाक मारली."

"मग?"

"डॅरेल म्हणून मारली. आजपर्यंत 'ए मिलवॉकी', 'ए डेन्व्हर' म्हणायचे. नाव घेऊन इतक्या प्रेमानं बोलतात ते काढताना." मग बाटलीकडे बघत म्हणाला, "एकच हवा होता. एक यार्डाचा चालला असता. फक्त माझा."

हंगामाचा शेवटचा सामना डिसेंबरात, घरच्या मैदानावर, मिलवॉकीशी. आमचं त्यात हरण्यासारखंही काही उरलेलं नव्हतं, तरी आम्ही मन लावून हरत होतो. दुसऱ्या सत्रात पहिल्या क्वार्टरबॅकचा घोटा मुरगळला. शेवटच्या सत्रात दुसऱ्याचा खांदा निखळला. एकतीस-तीन. ब्रॅनिगन मागे वळले आणि रांगेत कोण आहे ते शोधू लागले.

"कोच, मी," डॅरेल म्हणाला.

"अरे हो. जा."

मी त्याचं निळ्या रंगाचं हेल्मेट पुढे केलं. नऊ वर्षांत त्यावर एक ओरखडा नव्हता. त्यानं ते हातात धरलं आणि माझ्याकडे अशा चेहऱ्यानं बघितलं, जसा घराची किल्ली हरवलेला माणूस शेजाऱ्याकडे बघतो.

"आर्नी, मी कसा फेकायचो रे?"

मी त्याला नऊ वर्षं रोज पाहिलं होतं. पण त्याला फेकताना पाहिलं होतं ते फक्त पहिले पाच दिवस.

तो मैदानात गेला. आणि मग जे झालं ते बर्फात उभ्या असलेल्या नऊ हजार लोकांना कळलं नाही, पण आमच्या बाकावर सगळ्यांना कळलं. रेषेवर जाऊन त्यानं दोनदा टाच आपटली. दोन बोटं चाटली. बुधवारी आणि गुरुवारी आतून आलेला टेसिए रविवारीही घरी गेला नव्हता.

आमच्या बचाव फळीतल्या एकानं दुसऱ्याला कोपरखळी मारली. समोर मिलवॉकीची बचाव फळी. ती सहा वर्षं रोजच्या सरावात खऱ्या टेसिएसमोर उभी राहत होती. टेसिएनं बोटं चाटली की चेंडू उजवीकडे जातो हे त्यांच्या बायकांनासुद्धा ठाऊक असावं. त्यांचा मागच्या फळीतला गडी, डेमेट्रियस नावाचा, चेंडू सुटायच्या आधीच उजवीकडे चालत गेला. धावलाही नाही. चेंडू आपणहून त्याच्या छातीवर आला.

दुसऱ्या वेळी डॅरेलनं बोटं चाटली नाहीत. तर डेमेट्रियस आधीच डावीकडे उभा होता.

दोन पास, दोन्ही परक्याच्या हातात. परत जाताना डेमेट्रियस ओरडला, "अरे, हा तर आपलाच रे! ब्रॉक, तुझा भाऊ का हा?" त्यांच्या बाकावरून टेसिएनं हेल्मेट काढून डॅरेलला सलाम केला. तो थट्टेचा नसावा. स्वतःची चाल बाहेरून बघायला किती जणांना मिळते?

डॅरेल बाकावर येऊन बसला. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जागा मोकळी होती. अशा वेळी लोकांना बसायला नेहमी दुसरीकडे जागा सापडते.

घड्याळात नऊ सेकंद उरले तेव्हा चेंडू पुन्हा आमच्याकडे आला. एकच खेळी. मी पाणी देण्याच्या निमित्तानं त्याच्याजवळ गेलो. सामानवाल्यानं क्वार्टरबॅकला सल्ला द्यायचा नसतो. तेवीस वर्षं मी तो नियम पाळला होता.

"डॅरेल," मी म्हणालो, "डुकरांना टाक."

त्यानं माझ्याकडे बघितलं. पाणी प्यायला विसरला आणि गेला.

या वेळी टाच आपटली नाही. चेंडू हातात आला, तो दोन पावलं मागे सरकला, कमरेतून वाकला, कोपर बाहेर आलं, आणि एका पायावर उडी. ब्रॅनिगन "हे काय!" म्हणाले. चेंडू आजारी कोंबडीसारखा निघाला. डेमेट्रियसनं असलं काही आयुष्यात पाहिलेलं नव्हतं, तो जागेवरच राहिला. चेंडू आमच्या माणसाच्या पोटावर आदळला आणि त्यानं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. चार यार्ड. वेळ संपली.

मी उडी मारली. माझ्या वयाला ती शोभली नाही.

आणि मग पंचानं दंडासाठी टाकलेलं पिवळं फडकं बर्फावर पडलेलं दिसलं.

आमचा राखीव गडी ह्यूगो, डॅरेलसमोर भिंत होऊन उभा राहणारा. नऊपैकी सहा वर्षं दर बुधवारी त्याच्यासमोर उभा राहिलेला. मिलवॉकीचा एक गडी त्याच्या बगलेतून निसटून डॅरेलवर झेपावला, तेव्हा ह्यूगोनं मागून त्याची जर्सी दोन्ही मुठींत धरली. धरून ओढणं हा दंड. दंड म्हणजे खेळी रद्द. आणि वेळ संपलेली, म्हणजे दुसरी खेळीही नाही.

ह्यूगो रडकुंडीला येऊन म्हणाला, "डॅरेल, चुकलं रे. मला काही सुचलंच नाही. तुला कुणी हात लावायचा नाही, एवढंच डोक्यात."

"ठीक आहे," डॅरेल म्हणाला. "नियमच आहे तो."

लोक गाड्यांकडे गेले. कागदोपत्री त्याच्या नावावर दोन पास, दोन्ही प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले. आमच्या माणसानं झेललेले शून्य, यार्ड शून्य. संध्याकाळी मी जर्स्या मोजून धुवायला टाकल्या. त्याची टाकली नाही. तिच्यावर मातीचा डागही नव्हता. खऱ्या सामन्यातसुद्धा त्याला कुणाचा हात लागला नव्हता.

चेंडू मात्र मी पंचांच्या पिशवीत जाऊ दिला नाही. तो कसा आणला ते विचारू नका, निवृत्तिवेतन अजून मिळायचं आहे. त्यावर नाव लिहिलं, तारीख लिहिली, '४ यार्ड' लिहिलं.

मंगळवारी त्याला काढल्याचं पत्र मिळालं. बुधवारी सकाळी तो लोर्नाकडे आला. गाडी बाहेर सामानानं भरलेली होती. नेब्रास्का चौदा तास. मी चेंडू टेबलावर ठेवला.

त्यानं वाकून अक्षरं वाचली. "आर्नी, हे झालंच नाही. खोडून टाक."

"रंग ओला आहे. हात लावू नकोस."

तो हसला. मी त्याला नऊ वर्षांत बऱ्याच जणांसारखं हसताना पाहिलं होतं. हे हसणं माझ्या ओळखीचं नव्हतं, थोडं वाकडं, एका बाजूनं.

लोर्ना किटली घेऊन आली. "काय राजा, आज बुधवार. या आठवड्यात कोण?"

"कुणी नाही."

"बरं. साखर किती?"

त्यानं चमचा उचलला. कपात धरला. डॅरेल व्होंद्रा कॉफीत साखर किती घेतो, हे आठवायचा त्यानं मनापासून प्रयत्न केला. लोर्ना किटली धरून उभी राहिली. मागे दुसऱ्या टेबलावरचा माणूस बिल मागत होता, त्याला तिनं हातानंच थांबवलं.

शेवटी त्यानं चमचा खाली ठेवला आणि एक घोट नुसताच घेतला.

"कडू आहे," तो म्हणाला.

मग थोडं थांबून आणखी एक घेतला.