पाववाल्याच्या शांत रात्री

कंपवाताने पाववाल्या काकांचा पहिला पराभव केला तो शर्टाच्या बटणांवर. आयुष्यभर पोत्यांनी मैदा मळलेला हात, आणि एवढंसं बटण काजात जाईना! काकांनी बटणांना शिव्या घातल्या, काज शिवणाऱ्याच्या सात पिढ्यांना घातल्या. शेवटी काकूंनी त्यांचा हात बाजूला केला, खालपासून गळ्यापर्यंत बटणं लावली आणि म्हणाल्या, "आता मला घाला शिव्या." त्या दिवसापासून सकाळची बटणं काकूंकडे गेली.

बटणांचं दुःख काकांनी गिळलं. भट्टीचं मात्र गिळवेना. रस्त्याच्या कोपऱ्यावरची बेकरी त्यांनी स्वतः उभी केलेली. लांब दांड्याचं फावडं आत सारायचं आणि भाजलेले पाव बाहेर ओढायचे, यातच त्यांचा जन्म गेला. हात थरथरायला लागले तरी भट्टीसमोर ते ताठ उभे राहायचे. पण एकदा फावडं हातात धरून, उभ्या उभ्या, त्यांना डुलकी लागली. मुलाने मागून धरलं म्हणून बरं, नाहीतर पावांबरोबर तेही आत गेले असते. मुलाने फावडं काढून घेतलं आणि बापाला घरी आणून सोडलं. त्याचा चेहराच सांगत होता की पोरगा घाबरलाय.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दिवसा अशा डुलक्या येतात म्हणजे रात्री काहीतरी बिनसतंय, काका. कंपवातात झोपही बिघडते. आधी तुमच्या रात्री बघू, मग भट्टीचं ठरवू." असं म्हणून त्यांनी काकांच्या मनगटावर एक काळा पट्टा चढवला. घड्याळासारखा, पण त्यात वेळ दिसत नव्हती. झोपेत हात किती हलतो, नाडी कशी चालते, ते सगळं हा टिपून ठेवणार. काही आठवडे काढायचा नाही.

"म्हणजे चहाड्या करणार हा," काका म्हणाले.

"करू दे की. रात्री शांत दिसल्या तर भट्टीचा विचार करता येईल."

काकांनी तेवढंच ऐकलं. शेजारी बसलेल्या काकूंनीही तेवढंच ऐकलं. आणि घोळ झाला तो इथेच.

त्यानंतर काका रोज सकाळी खुशीत. "अगं, काय झोप लागली! दगड पडावा तशी." काकू बटणं लावता लावता "हो का?" म्हणायच्या आणि जांभई दाबायच्या. तरी दुपारी काका खुर्चीत पेंगायचेच. आता काकूही पेंगायला लागल्या. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. काका चेष्टा करायचे, "दुखणं मला झालंय की तुला?"

मध्ये एका सकाळी काकूंच्या गालाच्या हाडावर काळंनिळं दिसलं. "कपाटाचं दार लागलं," त्या म्हणाल्या. काका उठले, जुनी चिंधी शोधली आणि थरथरत्या हातांनी अर्धी सकाळ खपून दाराच्या कोपऱ्यावर बांधली. "आता लागायचं नाही हं तुला," म्हणाले. काकू त्या चिंधीकडे बघत बसल्या आणि नंतर उगाचच स्वयंपाकघरात गेल्या.

मग काकूंच्या धाकट्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं. जाणं भागच होतं. निघताना काकूंनी पाण्याचा तांब्या दूर सरकवला, पलंगाला खुर्च्या लावल्या, आणि तरी दारात घुटमळल्या. "दोनच रात्री आहेत," त्या म्हणाल्या. कुणाला समजावत होत्या कोण जाणे.

पहिल्याच सकाळी काकांनी डोळे उघडले आणि हबकले. उशी फाटून खोलीभर कापूस, एक खुर्ची आडवी, बोटांची सालटं निघालेली. स्वप्न तेवढं आठवत होतं. पीठ काही केल्या एकजीव होईना, आणि ते मुठींनी त्याला बदडत होते, बदडत होते. दुसऱ्या रात्रीही तेच पीठ आणि तेच बदडणं.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? मुलाला हाक मारली असती. काकांनी काय केलं? कापूस गोळा केला, उशी पलंगाखाली कोंबली आणि काकू परतल्यावर सांगितलं, "शेजारचं मांजर शिरलं होतं." पट्ट्याने हलणं टिपलं तरी त्याला का डोळे असतात, असा त्यांचा हिशोब. चूक बरं का, पण भट्टीपायी माणूस काय काय करतो!

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पट्टा यंत्राला जोडला आणि पडदा काका-काकूंकडे वळवला. प्रत्येक रात्रीची एक रेघ. सगळ्या रेघा सरळ, सपाट, आणि मधल्या दोन मात्र करवतीच्या दात्यांसारख्या.

"त्या दोन सोडून द्या," ते घाईघाईने म्हणाले. "मांजर आलं होतं."

"मांजराने पट्टा घातला होता का?"

ताकाला जाऊन भांडं किती लपवणार? काकांनी उशीचं सांगून टाकलं. मुठींचंही सांगितलं.

"या दोन रात्रींचं मला नवल नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या आजारात होतं असं. स्वप्नात माणूस जे करतो ते हातपाय खरोखर करतात. मला कोडं पडलंय ते बाकीच्या रात्रींचं. अहो, धडधाकट माणूसही झोपेत कूस बदलतो, हात हलवतो. इथे नाडी मध्येच धावायला लागते, पण हात जागचा हलत नाही. इतक्या शांत रात्री कुणाच्याच नसतात, काका. या दोन रात्रींत घरात वेगळं काय होतं?"

"काही नाही. ही तेवढी बहिणीकडे..." काका म्हणाले, आणि त्यांचं वाक्य तिथेच अडकलं. ते काकूंकडे वळले. काकू पदराशी चाळा करत खाली बघत होत्या.

"मी धरून ठेवायचे," त्या म्हणाल्या. "मनगट. दोन्ही हातांनी, छातीशी. हालचाल सुरू झाली की अंगाचा भार टाकायचे. जरा वेळाने निवळतं."

"रात्रभर?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ते पुन्हा कधी सुरू होईल सांगता येत नाही ना. मग जागीच राहायचे." मग एकदम काकांकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला भट्टी हवी होती. या पट्ट्यात वेडंवाकडं आलं असतं तर तुम्ही खचला असता. मला बघवलं नसतं."

काकांना त्या क्षणी कपाटाचं दार आठवलं आणि त्याला बांधलेली ती चिंधी. आयुष्यात त्यांनी कुणावर हात उचलला नव्हता. "तो गाल," ते कसेबसे म्हणाले. "मी मारलं तुला."

"छे!" काकू फटकन म्हणाल्या. "तुम्ही कुठे मारलंत? तुम्ही पीठ मळत होता. मीच मध्ये आले."

काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ते पुसायला हात उचलला तर तो इतका थरथरला की पुसायचं काम काकूंनाच करावं लागलं. "मी मेला रोज सकाळी तुला झोपेच्या बढाया सांगायचो," ते म्हणाले. "ती झोप तुझी होती गं. तुझी घेऊन मी झोपत होतो. हे उपकार मी कुठे ठेवू?" इतक्या वर्षांच्या संसारात काकांनी बायकोला असं काही म्हटलं नव्हतं. काकू लाजून म्हणाल्या, "पुरे, बाई बघतायत."

बाई बघतच होत्या. पण रागावल्याही. "काकू, तुमच्या मायेने माझी तपासणी पार झोपवली! या सरळ रेघा बघून मी औषध दिलंच नसतं. त्या दोन रात्री तुम्ही गेलात म्हणून कळलं." त्यांनी झोपण्याआधी घ्यायची एक गोळी लिहून दिली, दोघांचे पलंग वेगळे करून मध्ये अंतर ठेवायला सांगितलं, आणि खणातून दुसरा पट्टा काढून काकूंच्या मनगटावर चढवला. "आता तुमचीही चहाडी कळू दे. आणि हात धरायचा नाही. धरलात तर मला दिसेल."

गोळीने काकांचं पीठ हळूहळू शांत झालं. पुढच्या खेपेला त्यांच्या रेघा माणसासारख्या आल्या, थोड्या हलत्या, थोड्या सरळ. दिवसाच्या डुलक्या कमी झाल्या. करवत आता काकूंच्या पडद्यावर होती. काका घोरत असले तरी त्या पुन्हा पुन्हा जाग्या होत होत्या. "सवय लागलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जाईल." काकांना मात्र बेकरीत जायची परवानगी मिळाली. भट्टी मुलाकडेच राहणार, काकांनी टेबलाशी बसून गोळे करायचे. हे ऐकून सोबत आलेल्या मुलाने तिथल्या तिथे बापाला मिठी मारली. पण काका आनंदात असूनही त्या करवतीकडेच बघत होते.

बेकरीत जायचा दिवस उजाडला. काका उठले, तोंड धुतलं, पांढरा शर्ट अंगात घातला आणि सवयीने काकूंच्या पलंगापाशी जाऊन उभे राहिले. खिडकीतून ऊन आत आलं होतं. काकू कुशीवर वळलेल्या, तोंड किंचित उघडं, पट्ट्याचा हात गादीबाहेर सैल लोंबत होता. त्या चक्क घोरत होत्या. हाक मारायला काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते पाय न वाजवता बाहेरच्या खोलीत गेले, खुर्चीत बसले आणि एकेका बटणाशी झुंजायला लागले. या वेळी एकही शिवी नाही, उगाच आवाज झाला असता.

बेकरीत पोचले तेव्हा पावांचा पहिला घाणा विकूनही झाला होता. शर्टाचं एक टोक वर, एक खाली, गळ्यापाशी दोन बटणं उघडी. कामगार हसायला लागले. मुलाने पिठाचे हात पुसले आणि बटणं नीट लावायला पुढे झाला.

"बाबा, हे काय ध्यान! आईने बघितलं नाही का?"

काकांनी त्याचा हात बाजूला केला. पहिल्यांदा भट्टी पेटवली होती त्या दिवशीही त्यांचा चेहरा इतका फुलला नसेल.

"राहू दे असंच," ते म्हणाले. "आई झोपलीय."