भाड्याने आलेली आत्या

आमच्या घराच्या करारात पोटभाडेकरू ठेवायचा नाही असं स्वच्छ लिहिलं होतं, आणि आमच्या मागच्या खोलीत पोटभाडेकरू राहत होती. बाबांच्या एकट्याच्या पगारात ते घर झेपत नव्हतं, म्हणून. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मागेपुढे कुणी नाही. घरमालकाला संशय येऊ नये म्हणून आईनं तिला बाबांची बहीण करून टाकलं. आम्हा भावंडांना सक्त ताकीद होती, आत्याच म्हणायचं.

आम्ही दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागलो. पंचाईत झाली ती बाबांची. घरमालक आला की तिच्याकडे साधं पाणी मागतानाही त्यांना घाम फुटायचा. ती मात्र खुशाल, "दादा, हात मोडलेत का तुझे?" म्हणून मोकळी! बाबांचं तोंड अगदी बघण्यासारखं व्हायचं. संध्याकाळी ती इवल्याशा स्क्रू ड्रायव्हरनं अख्ख्या शेजाराचे चष्मे नीट करत बसायची आणि आम्ही तिच्याभोवती कोंडाळं करायचो. ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो. इतकं भरलेलं घर मला पुन्हा मिळालं नाही.

घरमालक विधुर होता. चष्म्याची सैल दांडी घेऊन तो वरचेवर यायला लागला, आणि एक दिवस त्यानं बाबांच्या बहिणीला रीतसर मागणी घातली.

बाबांची झोप उडाली. खरं सांगावं तर घर जाणार, न सांगावं तर लग्नात फसवणूक. "घरापुरतं खोटं चाललं, हे नाही चालायचं," असं आईला म्हणून ते तडक मालकाकडे गेले आणि सगळं सांगून आले.

मालकानं घर सोडायला सांगितलं. बाबांनी लांब कुठेतरी एकच खोली मिळवली.

सामान टेम्पोत चढत होतं. आत्या आपली ट्रंक घेऊन दारात उभी होती. एका खोलीत तिला कुठली जागा, या विचारानं मला रडू आवरेना. तेवढ्यात घरमालक आला.

"तुम्ही कशाला जाता?" तो तिला म्हणाला. "माझी मागणी अजून कायम आहे."

"माझ्या भावाला घराबाहेर काढून?"

"भाऊ कसला? त्यांनीच सांगितलं, तुम्ही त्यांच्या कुणी नाही म्हणून."

"दादाला काय कळतंय!" आत्या म्हणाली. "मला विचारायचं होतंत."

आणि तिनं ट्रंक आमच्या गाद्यांवर चढवली.