लाभलेली पिशवी

मी पिशवी बोलतेय. बोलावं की गप्प लटकून राहावं, हे माझं अजून नक्की नाही. शंका घेत बसणं मला विणणारीकडूनच आलंय.

मी प्लास्टिकच्या वायरची. हिरवी, मधे दोन पांढरे पट्टे. एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात साताऱ्याला, गोडोलीत, आम्रपालीनं मला विणलं. ती बालवाडीची बाई. तिची मुलगी स्वप्ना तेव्हा बारा वर्षांची होती आणि तिच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता. रिपोर्टला आठ दिवस लागणार होते. हात रिकामे राहिले की आम्रपालीच्या मनात नाही नाही ते यायचं, म्हणून तिनं मला विणायला घेतलं. माझा एक बंद दुसऱ्यापेक्षा आखूड झाला. "उसवू का परत?" असं तिनं स्वतःलाच चारदा विचारलं. तेवढ्यात रिपोर्ट आला. कॅन्सर होता. मग उसवायचं राहूनच गेलं.

माझा पहिला प्रवासच दवाखान्याचा. दर तीन आठवड्यांनी एसटीनं सांगली, विश्रामबागेत आम्रपालीच्या भावाकडे मुक्काम, सकाळी वॉर्ड. माझ्या पोटात फाईल, टॉवेल, मोसंबी आणि उलटीसाठी एक पातेलं. वॉर्डात शिरताना बायका पिशवी पोटाशी घट्ट धरतात, हे मी तिथं पाहिलं. चोरीची भीती असते असं नाही. काहीतरी धरायला लागतं.

सहा महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता मोकळे. स्वप्नाचे केस परत आले, पहिल्यापेक्षा कुरळे. मला माळ्यावर टाकलं.

माळ्यावरून खाली अभ्यास करणारी स्वप्ना दिसायची. एकदा ती वर चढून आली आणि तिनं माझ्यावर एक पोतं पांघरलं. धूळ बसू नये म्हणून पोरगी माझी काळजी घेते, असं मला वाटलं. मी आपलं चांगलंच वाटून घेते.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत वेणी घालताना आम्रपालीचा हात स्वप्नाच्या मानेपाशी थांबला. पोत्याच्या फटीतून मला तो दिसला.

"काय गं आई?"

"काही नाही. सरळ बस."

ती वेणी तिनं तीनदा घातली.

पुढचे दिवस पुन्हा तपासण्यांचे. सांगलीला जायची सकाळ उजाडली, तेव्हा आम्रपालीची सासू, बाळाबाई, कुठूनसा काळा दोरा घेऊन आली. आम्रपालीनं तो बांधू दिला नाही. "आत्या, आपण हे सगळं सोडलंय ना?" आणि पाच मिनिटांत तीच स्टुलावर चढून मला खाली काढत होती.

"आगं, माज्या ल्योकाची, नागसेनची नवी बॅग हाय की! ही जुनी कशापायी?"

"हीच न्यायची. मागच्या वेळी हीच होती. लाभली आपल्याला."

"म्हंजी माजा दोरा खोटा, आन् तुजी पिशवी खरी व्हय? लय शिकलीस गं बाई!"

"दोऱ्याचं वेगळं," आम्रपाली पुटपुटली. कसं वेगळं, ते तिला सांगता आलं नसतं. पण मला पुसायचं तिनं थांबवलं नाही. मी फुगले. कुणी लाभली म्हटलं की फुगायला होतंच.

एवढ्यात स्वप्ना बाहेर आली. मला पाहिलं आणि तोंडावर हात धरून मोरीकडे पळाली.

"आजून औषिद चढवलं न्हाई, आन् वकारी?" बाळाबाई घाबरून म्हणाली. आता पोटातही पसरलं असेल, एवढंच आम्रपालीच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

एसटीत मी आम्रपालीच्या मांडीवर. स्वप्ना सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून. कराडला आम्रपाली मला घेऊनच पाणी आणायला उतरली. परत आलो तर शेजारच्या आजीनं दिलेला पेरू स्वप्ना मजेत खात होती. मला बघताच तिनं तो कागदात गुंडाळला. पेठ नाक्याला पुन्हा उलटी.

वॉर्डात मला पलंगावर, तिच्या पायांशी ठेवलं. डॉक्टर येऊन सांगून गेले: या वेळचं औषध मागच्यापेक्षा कडक आहे, पण आजच सुरू करायला हवं, दिवस घालवण्यासारखे नाहीत. सिस्टर सलाईन घेऊन आल्या. स्वप्नानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

"मी नाही घेणार."

"असं काय गं? मागच्या वेळी किती शहाण्यासारखं घेतलंस."

"तेव्हा मला माहीत नव्हतं, काय होतं ते."

सिस्टरांनी आम्रपालीकडे पाहिलं. "दहा मिनिटांनी येते," म्हणाल्या.

मग स्वप्ना म्हणाली, "आई, ती पिशवी."

"काय देऊ? मोसंबी?"

"काही नको. ती पिशवीच नको. ती दिसली की तोंडात तो वास येतो. घरी पण यायचा. म्हणून तर पोतं टाकलेलं तिच्यावर."

मी तेव्हा पहिल्यांदा स्वतःचा वास घेतला. डेटॉल, मोसंबीची सालं, इंजेक्शनचा कापूस. वायरीच्या विणीत सगळं मुरून बसलं होतं. कराड, पेठ, मोरी, सगळीकडे मीच होते.

आम्रपालीनं मला पलंगाखाली सरकवलं.

"खाली आहे. कळतं मला."

"आणि हिला बाहेर टाकलं, अन् काही झालं म्हणजे?" आम्रपालीच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर तिची तिलाच लाज वाटली, पण शब्द काही मागे घेतला नाही.

"आई, ती होती की मागच्या वेळी. तरी परत झालंच ना?"

आम्रपालीनं मला पलंगाखालून ओढून घेतलं.

तिनं माझ्यातली एकेक वस्तू काढून पलंगावर मांडली. मला उलटं करून झटकलं, व्हरांड्यात नेलं आणि खिडकीच्या गजाला अडकवलं. हात सोडायला मात्र तिला वेळ लागला. बाकावर जतकडची एक बाई बसली होती.

"ताई, पिशवी तुमची का वो?"

"नाही," आम्रपाली म्हणाली. "आमची नाही."

आणि ती आत गेली. मागं वळली नाही. गजातून मला एवढंच ऐकू आलं. सिस्टर म्हणाल्या, "मूठ आवळ. हां, सोड आता." मग स्वप्ना, दात दाबून: "आई, हात धर. पण तोंडातल्या तोंडात काही पुटपुटू नकोस, मला हसू येतं."

आज तिसरा दिवस. तो पलंग रिकामा आहे. त्या विश्रामबागेला गेल्या की साताऱ्याला, मला ठाऊक नाही. औषधाला या वेळी गुण येईल का, तेही ठाऊक नाही. हे विचारत कुणाच्या मागे जायचा हक्क मला उरलेला नाही.

जतकडच्या बाई येता-जाता माझ्याकडे बघतात. बाई, न्यायची तर खुशाल न्या. सोड्याच्या पाण्यात बुडवा, चार दिवस उन्हात टांगा. वांगी भरा, मेथी भरा, चपला भरा. तुमच्या पेशंटच्या उशापायथ्याशी मात्र मला ठेवू नका. आणि सांगलीच्या स्टँडवर कधी डोक्याला रुमाल बांधलेली पंधरा वर्षांची मुलगी समोर आली, तर तेवढा वेळ मला पाठीमागं धरा.