रेफरीने हात केल्यावर

तांब्याला टेकवलेल्या मोबाइलच्या काचेवर बोटाचा एक तेलकट ठसा होता आणि त्या ठशाखालून चार नंबरचा टकल्या धावत होता — धोंडिरामचा लाडका. रशियाच्या फुटबॉलच्या खालच्या लीगमधला सैबेरियाचा गट, एकच कॅमेरा, अर्धे रिकामे बाक, आणि हा आडदांड गडी, चेंडू सोडून नडग्यांवर लाथा घालणारा...

"आपली मित्रा ज्या टीमची डॉक्टर, तिचीच माणसं पाडतोय तो," शकु मेथी निवडता निवडता म्हणाली, "आणि तुम्ही त्यालाच शाबासकी देताय. कुठल्या बाजूचे हो तुम्ही?"

"तू गप गं. बघू दे."

काय सांगायचं हिला. डॉक्टरचा बाक कॅमेऱ्याच्या खाली, दिसतच नाही; कुणी पडलं आणि रेफरीने हात केला तरच पोरगी मैदानात येते. फोन रविवारी येतो, पण नुसता आवाज — नेट नाही बाबा, व्हिडिओ नको — आणि तो आवाजही तापातून उठल्यासारखा... उन्हाळ्यापासून हेच. आज शेवटची मॅच. मग तिकडे बर्फ, थंडी सरेपर्यंत मैदान बंद. पाटीवरची रशियन अक्षरं त्याला लागत नव्हती, पण मित्राच्या टीमचं नाव तो आकारावरून ओळखायचा. वाचायला शिकण्याआधी विक्रोळीच्या बसच्या पाट्या ओळखायचा तसं. पाड रे. एकाला तरी पाड. कुणाच्या तरी लेकराला मी — विचार पुरा व्हायच्या आत टकल्याने पाय घातला.

पोरगा पडला. रेफरीने हात केला.

ती आली. पिशवी पोटाशी धरून, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली... चालत. मागच्या खेपेला धावत आली होती. चिखल असेल. कोट जड असेल. एकदा तिचं तोंड इकडे वळलं आणि नेमकं त्या ठशाखाली गेलं. त्याने सदऱ्याच्या टोकाने काच पुसली तोवर ती पोरावर वाकली होती.

पोरगा उठेना. बरंच झालं — तो पडून आहे तोवर ती दिसेल. मग त्या पोराने तिची बाही घट्ट पकडली, आणि धोंडिरामला वाटलं, याचीही आई कुठेतरी असाच फोन टेकवून बसली असेल...

"ऊठ," तो म्हणाला. "ऊठ ना, बाळा."

शकुने मान वर केली. "कुणाला म्हणताय?"

त्याने मोबाइल तिच्याकडे वळवला. मित्रा अजून वाकलेलीच होती, एक हात स्वतःच्या गुडघ्यावर टेकवून, तिलाच उठायला आधार लागावा तशी.