बारीक झाल्यावर

मंडळी, तुमच्या घरातल्या कपाटात असा एक कप्पा आहे का बघा, जो सहसा कुणी उघडत नाही. त्यातले कपडे जुने नसतात, फाटलेले नसतात, कुणाला देऊन टाकायचेही नसतात. ते नुसती वाट बघत असतात. घरातली बाई बारीक झाली की ते घालणार असते. बाई बारीक होत नाही, कपडे बाहेर येत नाहीत, आणि घरात कुणालाच यात काही वावगं वाटत नाही.

शिवणकाकूंच्या कपाटातला असा कप्पा सगळ्यात वरचा होता. काकू घरीच शिवणकाम करायच्या. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं मशीन, शेजारी कापायचं टेबल आणि भिंतीवर लांबलचक आरसा. आसपासच्या बायका मापं द्यायला यायच्या आणि टेप कमरेला लागला रे लागला की प्रत्येकीचं पोट आत जायचं. बँकेतली मॅनेजर असो नाहीतर दूधकेंद्रावरची बाई, यात डावंउजवं नव्हतं. मग काकू टेप तसाच धरून म्हणायच्या, "श्वास सोडा हो! मी आरशातल्या बाईसाठी शिवत नाही, जिना चढणाऱ्या बाईसाठी शिवते." बायका हसायच्या, पोट जागेवर यायचं आणि माप खरं निघायचं. काकूंचे कपडे अंगाला छान बसायचे ते यामुळेच.

काकूंना मात्र स्वतःसाठी एक गोष्ट फार हवी होती. लेक लहान असताना बसच्या खिडकीतून त्यांना थांब्यावर उभी असलेली एक बाई दिसली होती. मऊ, ताणणाऱ्या होजिअरीच्या कापडाचा घोट्यापर्यंत लांब ड्रेस, कोपरापर्यंत बाही, आणि बाजूला चक्क खिसे! दोन्ही हात खिशात घालून ती बाई बसची वाट बघत होती. वाऱ्याने ड्रेस हलत होता आणि ती तो सावरत नव्हती. बस सुटली, पण ती बाई काकूंच्या मनातून गेली नाही. कुठे ओढायचं नाही, कुठे झाकायचं नाही, हात खिशात घालून नुसतं उभं राहायचं. किती साधी गोष्ट, पण काकूंचा जीव त्यात अडकला.

पुढे एका दुकानात तसंच कापड दिसलं, गडद मोरपंखी. काकूंनी ते घेऊनच टाकलं. घरी नवरा हसून म्हणाला, "आधी जरा कमी हो, मग शिव. नाहीतर तंबू व्हायचा." माणूस वाईट नव्हता. त्याच्या स्वतःच्या शर्टाचं पोटावरचं बटण कधीपासून जीव मुठीत धरून होतं, पण त्याला कुणी काही म्हणत नसे. काकूही हसल्या आणि कापड वरच्या कप्प्यात डांबरगोळ्यांच्या सोबतीला गेलं. घरात कुणी नसलं की त्या ते काढायच्या, गालाला लावायच्या आणि पुन्हा होतं तसं ठेवून द्यायच्या.

लेक आता तेरा वर्षांची झाली होती. तिला सगळे बटण म्हणत, कारण लहानपणी तिने आईच्या डब्यातलं एक बटण गिळून घराची झोप उडवली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिची आत्या, म्हणजे काकूंची थोरली नणंद, राहायला आली. आत्या अंगाने चांगली भरभक्कम. ती हसली की खुर्चीही कुरकुरायची. एकदा चादर शोधताना तिच्या हाती ते कापड लागलं.

"अगं, हे काय दडवून ठेवलंयस?"

"मॅक्सी ड्रेस शिवायचाय, ताई. घरातला गाऊन नाही हं, बाहेर घालायचा."

"मग कधी शिवणार?"

"बारीक झाल्यावर."

आत्याच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. "आजच शिवायला घे," एवढंच म्हणून तिने कापड टेबलावर ठेवलं.

काकूंना जणू कुणीतरी परवानगी दिली! त्यांनी कापड धुतलं, टांगलं तर लांबेल म्हणून सपाट पसरून वाळवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीचं दार लोटून घेतलं आणि त्या आरशासमोर उभ्या राहिल्या. टेप कमरेला लावला. आणि जगाला श्वास सोडायला सांगणाऱ्या या बाईने काय करावं? पोट गच्च आत घेतलं! तरीही आलेला आकडा आवडला नाही, म्हणून खडूची रेघ आणखी आत ओढली. 'ताणतंच की हे कापड,' त्या मनाशी म्हणाल्या. इतरांच्या कपड्यात त्या शिवणीच्या आत माया ठेवत, म्हणजे जादा कापड सोडत. उद्या ढिलं करायची वेळ आली तर हाताशी असावं म्हणून. स्वतःच्या ड्रेसला त्यांनी ती ठेवलीच नाही. ढिलं कशाला करावं लागेल? बारीक व्हायचं होतं ना!

मग गोल टोकाची सुई लावली, कापडाचे धागे तुटू नयेत म्हणून, आणि दोन दिवस त्या गुणगुणत शिवत होत्या. खिसे तर इतक्या हौसेने लावले की आत्याने ते आधी रिकाम्या हातांनी आणि मग शेंगदाणे भरून तपासून पाहिले.

ड्रेस अंगात चढला, पण चढला तेवढाच. पोटावर कापड ताणून पातळ झालं, खिसे आ वासून बाहेर आले, आणि काकू खुर्चीत बसायला गेल्या तशी बगलेखालची शिवण करकरली. त्या आत गेल्या, ड्रेस काढला, घडी घातली आणि वरच्या कप्प्याकडे निघाल्या. डोळे भरून आले होते.

"कापडाचा दोष नाही, ताई. माझ्या अंगाचाच आहे. जाऊ दे."

त्याच संध्याकाळी बटणला फ्रॉकसाठी माप द्यायचं होतं. हातातलं काम सोडून रडत बसण्यातल्या काकू नव्हत्या. त्यांनी टेप लेकीच्या कमरेला लावला, तर पोरीने पोट असं ओढून घेतलं की बरगड्या दिसायला लागल्या.

"श्वास सोड गं," काकू सवयीने म्हणाल्या.

"तू कुठे सोडतेस?" बटण दात आवळून म्हणाली. "मी दाराच्या फटीतून बघितलं. मी पण बारीक झाले की सोडेन."

काकूंच्या हातातून टेप गळून पडला. अरे देवा! ही पोर हे कुणाकडून शिकली? शाळेत नाही, शेजारी नाही. या आरशासमोर, आपल्याकडूनच!

आत्या खुर्चीतून उठली. काकूंचा नवरा दारात चहाचा कप घेऊन उभा होता. तिने त्यालाही हाताने आत बोलावलं.

"तूही ऐक रे. आपली आई गेल्यावर तिचं कपाट मी आवरलं. तिच्याही वरच्या कप्प्यात नवे कपडे होते. एकदाही न घातलेले! मला म्हणायची, जरा उतरले की घालेन. मी एक उघडला, तर घडीच्या रेघेवर कापड विरलेलं. नुसतं हात लावलं आणि फाटलं. जन्मभर तिने त्या कपड्यांची वाट बघितली, आणि आपण काय करत होतो? जेवताना तिची चेष्टा करत होतो. मीसुद्धा!" मग ती काकूंकडे वळली. "तुझ्याकडे येणाऱ्या एखादीला कपडा घट्ट झाला, तर तू काय म्हणतेस? तुझं अंग चुकलं असं म्हणतेस?"

"नाही. माप चुकलं म्हणते."

"मग स्वतःलाच वेगळा कायदा का? या अंगाने पोर वाढवली, घर ओढलं, दिवसभर मशीन चालवतं. त्याला एक सुखाचा कपडा मिळायला आणखी कसली परीक्षा द्यायची? तब्येतीसाठी चालायला जा, मी येते बरोबर. पण तोवर लाजेपायी अंगाला तिष्ठत का ठेवायचं?"

नवऱ्याने कप खाली ठेवला. "तंबू मीच म्हणालो होतो," तो हळूच म्हणाला. "तेव्हा फक्त गंमत वाटली होती." त्याने स्टूल आणलं, वरच्या कप्प्यातले सगळे कपडे खाली काढले आणि रिकामा कप्पा पुसून घेतला.

ड्रेस ढिला करायला आत कापड नव्हतं आणि तो मोरपंखी रंग आता मिळणार नव्हता. त्या ढिगात काकूंचा लग्नाआधीचा एक राखाडी होजिअरीचा टॉप होता. तो पुन्हा अंगात येईल म्हणून त्यांनी इतकी वर्षं जपला होता. क्षणभर त्यांनी तो छातीशी धरला. मग कात्री घेतली आणि त्याच्या दोन लांब कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणाऱ्या पट्ट्या कापल्या, ड्रेसच्या दोन्ही बाजूंना जोडायला.

"माप मी घेणार!" बटण टेप घेऊन धावली. टेप कमरेला लागला, काकूंचं पोट आपसूक आत गेलं, आणि पोरगी डोळे वटारून म्हणाली, "श्वास सोडा हो!"

काकूंनी श्वास सोडला. किती वर्षांचा होता कोण जाणे. टेप बटणच्या बोटांतून सरकत गेला आणि जिथे थांबला तो आकडा तिने मोठ्याने वाचला. कुणीही हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू तो ड्रेस घालून कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत गेल्या. कुठे जायचं नव्हतं. दोन्ही हात खिशात घालून नुसत्या उभ्या राहिल्या. वारा आला, ड्रेस पायाशी हलला, आणि त्यांनी तो सावरला नाही. एक बस आली, थांबली, निघून गेली. मधली वर्षं काही परत येणार नव्हती, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. पण शेजारी बटण उभी होती, पोट सैल सोडून, आणि शेंगदाणे शोधत तिने आईच्या खिशात हात घातला होता.

म्हणून सांगतो, मंडळी. माणसाने कपड्याच्या मापाचं व्हायचं नसतं, कपडा माणसाच्या मापाचा करायचा असतो. आपल्या घरातली बाई जशी आहे तशी आज सुखाने बसू-उठू शकते ना, एवढं बघा. जेवताना केलेली आपली चेष्टा तिच्या कपाटात जाऊन बसते, आणि तिथून लेकीपर्यंत पोहोचते. तेव्हा तो वरचा कप्पा आजच उघडा. कापड घडीवर विरायच्या आत!