बोलण्याची मुभा

विल्टशर परगण्यातील एका नगराच्या न्यायासनासमोर थर्स्टन अधोमुख उभा होता. फिर्यादी त्याचाच थोरला भाऊ, हॅमो. हॅमोच्या गाईने आपले जव तुडवले म्हणून संतापाच्या भरात थर्स्टनने झऱ्याकडे जाणारी वडिलोपार्जित वाट काट्यांनी बुजवली होती. तेव्हापासून हॅमोची पत्नी इडोनी मैलभरावरच्या नदीचे पाणी वाहत होती. उत्तर दाखल करण्यापूर्वी थर्स्टनच्या वकिलाने, रिवाजाप्रमाणे, प्रतिपक्षाशी बोलण्याची मुभा मागितली. न्यायाधीशांनी सहा आठवडे दिले.

"मग दादाशी कधी बोलायचं?" बाहेर येताच थर्स्टनने विचारले.

वकील हसला. "बोलायचं? अहो, ही मुभा सगळेच मागतात, बोलत कुणीच नाही. वेळ काढायचा असतो! एक शब्द काढलात, तर तोच ते तुमच्या गळ्यात बांधतील."

हॅमोला ही रीत ठाऊक नव्हती. न्यायाधीशांनी बोला म्हटले, म्हणजे बोलायचे, एवढेच तो जाणत होता. दर रविवारी उपासना आटोपली की तो चर्चच्या द्वारमंडपातील दगडी बाकावर बसे. गावचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या तिथेच मिटत आले होते. मांडीवर मोडलेल्या पावाचे दोन अर्धे ठेवलेले असत.

"ये की रे थर्स्ट्या! नाही आलास तर तुझाही वाटा मीच गिळीन, सांगून ठेवतो!"

थर्स्टनचे पाऊल अडखळे. मग वकिलाचे बोल आठवत आणि तो मान वळवून चालू लागे.

चौथ्या रविवारी हिम पडले. पाचव्या रविवारी हॅमोला खोकल्याने धड बोलवेना. "हाडं गोठली रे लेका. हवं तर शिव्या दे, पण ये."

मुदत संपली की बोलू, असे थर्स्टनने मनाशी ठरवले.

सहाव्या रविवारी बाक रिकामा होता.

तारखेस पुकारणाऱ्याने हॅमोचे नाव तीनदा पुकारले. उत्तर आले नाही. फिर्यादी मृत, सबब दावा समाप्त, असे कारकुनाने नोंदवले.

"सुटलात!" वकिलाने पाठ थोपटली. "उत्तरसुद्धा द्यावं लागलं नाही."

थर्स्टन तडक वाटेवरच्या कुंपणाशी गेला आणि उघड्या हातांनी काटे उपसू लागला. बोटे रक्ताळली. इतक्यात इडोनी रिकाम्या बादल्या घेऊन आली.

"वहिनी, वाट मोकळी केलीय."

"मला कशाला सांगतोस? ज्यांना सांगायचं होतं, ते पाच रविवार बसले होते."

आणि ती नदीच्या दिशेने चालू लागली.